आयात-पर्यायी विचार आणि कापसाचा भाव : राळेगाव तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

विकसनशील देशाने आपल्या गरजेच्या वस्तू शक्य तितक्या आपल्याच भूमीवर तयार कराव्यात व परदेशी मालावरील अवलंबन घटवावे, या विचाराला महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अर्थचिंतनापासून २०१४ मधील 'मेक इन इंडिया' आणि २०२० मधील 'आत्मनिर्भर भारत' या घोषणांपर्यंत त्याची रूपे बदलत गेली. त्यामागील गृहीतक मात्र फारसे बदलले नाही. आयात मोजावयाची ती बंदरावर आणि उत्पादन धरावयाचे ते कारखान्याचे, असे ते गृहीतक आहे. बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या व कच्चा माल पिकविणाऱ्या एखाद्या तालुक्यातून या गृहीतकाकडे पाहिले असता त्याचे स्वरूप कसे दिसते, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापसाचा तालुका. वर्धा नदीच्या अलीकडे राळेगाव आणि पलीकडे हिंगणघाट, असा हा सलग कापूसपट्टा आहे. दसऱ्यानंतर सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की तालुक्याचे सर्व व्यवहार कापसाभोवती फिरू लागतात. दुकानदाराची उधारी, मुलांची शुल्के, लग्नाच्या तारखा, सोसायटीच्या कर्जाचा भरणा, सारे काही कापूस विकला जाण्यावर अवलंबून असते. बाजार समितीच्या यार्डात व जिनांमध्ये आलेल्या कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या तालुक्याबाहेर जातात. बाहेरून तालुक्यात येते ते कापड, बियाण्याचे पाकीट, खत, कीटकनाशक, फवारणी पंप आणि खाद्यतेलाचा डबा. राळेगाव हाच एक देश मानून त्याच्या व्यापाराचा ताळेबंद मांडला, तर तो रानड्यांनी हिंदुस्थानाबद्दल मांडलेल्या ताळेबंदाहून फारसा निराळा होणार नाही. फरक इतकाच की या 'देशा'ला स्वतःचे बंदर नाही आणि जकात बसविण्याचा अधिकारही नाही.

रानड्यांची मांडणी आणि तिची मर्यादा

१८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात रानड्यांनी खुल्या व्यापाराचे इंग्रजी सिद्धान्त सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात, ही समजूत खोडून काढली. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचाराचा आधार घेऊन, केवळ कच्चा माल पिकवून परदेशी धाडणारा देश दारिद्र्यातून वर येऊ शकत नाही, हे त्यांनी ठासून सांगितले. वऱ्हाडाचा इतिहास या मांडणीला पुरावा पुरवितो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि या प्रदेशाकडे त्यांचे लक्ष वळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची 'शकुंतला' धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच. आता तीही बंद पडली आहे. १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला. हेतू हा की विलायती कापडावरील तितक्याच जकातीचा लाभ देशी गिरण्यांना मिळू नये. हा कर १९२५ पर्यंत टिकला. अशा राजवटीत संरक्षणाची मागणी करणे हे रानड्यांचे द्रष्टेपण होते, यात शंका नाही.

तथापि या मांडणीत एक जागा रिकामी राहिली. जमिनीवरील माणसांचा भार हलका करणे हा तिच्यातील औद्योगिकीकरणाचा हेतू आहे. कारखाना उभा राहिल्यावर त्याला कच्चा माल विकणारा कास्तकार आणि तो विकत घेणारा कारखानदार यांच्यात भावावरून विरोध निर्माण होईल, हा प्रश्न मात्र तिच्या केंद्रस्थानी नाही. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढील दोन-अडीच दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या आल्या. कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे कापड होऊ लागले, म्हणजे रानड्यांचे अर्धे स्वप्न खरे झाले. परंतु गिरणी जवळ आली म्हणून भाव वाढतो असे नाही. स्वस्त कापूस ही गिरणीची गरज आहे, मग तिचा मालक मँचेस्टरचा असो वा नागपूरचा. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात परदेशी मालामुळे बुडालेल्या कारागिरांची दखल आहेच. परंतु तेथे हिशेबाचा आरंभ शेतकऱ्याच्या घरापासून होतो. रानडे आणि फुले यांच्यातील या भेदाकडे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी जितके लक्ष दिले, तितके अर्थशास्त्राच्या अध्यापनात दिले गेले नाही. पदवी वर्गांच्या क्रमिक पुस्तकांत आयात-पर्यायीकरण म्हणजे महालनोबिस यांची दुसरी पंचवार्षिक योजना आणि १९९१ मध्ये झालेला तिचा शेवट, इतकेच असते.

वर्ध्याचा पर्याय

नदीपलीकडच्या वर्ध्यात या प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर शोधले गेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे तेलघाणी, हातकागद, गूळ, मधुमक्षिकापालन अशा अनेक उद्योगांचे प्रयोग चालविले. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले. कुमारप्पांच्या विचाराचे वैशिष्ट्य असे की आयातीची सीमा त्यांनी बंदरावरून उचलून गावाच्या वेशीवर आणली. कच्चा माल जेथे निर्माण होतो तेथेच त्यावर प्रक्रिया व्हावी, सरकीचे तेल गावाने खावे आणि ढेप गावच्या जनावराने खावी, हा त्यातील आग्रह आहे. राळेगावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने पाहता सीमा योग्य ठिकाणी आखणारा हा एकमेव विचार म्हणावा लागेल.

परंतु सीमा योग्य ठिकाणी आखली म्हणून भावाचा प्रश्न सुटला नाही. खादीने खपविलेला कापूस एकूण उत्पादनाच्या मानाने इतका अल्प होता की बाजारभावावर त्याचा परिणाम होणे शक्यच नव्हते. कातणाऱ्याला मिळणारी मजुरी आणि विणलेल्या कापडाची किंमत यांचा मेळ सरकारी रिबेटशिवाय बसला नाही. शिवाय ज्या कास्तकाराच्या कापसावर हा प्रयोग उभा होता तो स्वतः मात्र गिरणीचे कापड घालीत राहिला, कारण ते त्याला परवडत होते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याग हा धोरणाचा पाया मानला की त्यागाचा वाटा नेहमी सर्वांत दुबळ्याकडे सरकतो.

भावाचा आग्रह आणि त्याचे अंतर्विरोध

भावाचा प्रश्न केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेकडे जाते. कारखानदारीला दिलेल्या संरक्षणाची किंमत शेतीमालाचे भाव पाडून वसूल केली गेली, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. भारताने जागतिक व्यापार संघटनेला १९८६ ते १९८८ या आधारकाळासाठी सादर केलेल्या आकडेवारीत शेतीमालाला मिळणारा वस्तुनिहाय आधार उणे निघाला, आणि 'उणे सबसिडी' हा शब्द विदर्भाच्या सभांतून घरोघर पोहोचला. कापसाच्या निर्यातीवरील परवाने व कोटे हे या प्रतिपादनाचे सर्वांत ठळक उदाहरण होते. देशी गिरणीला कापूस स्वस्त मिळावा म्हणून पिकविणाऱ्याला जगाच्या बाजाराची दारे बंद ठेवली जात.

राज्याच्या पातळीवर १९७१ च्या कायद्यान्वये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना ही याच प्रवृत्तीची उलटी बाजू होती. खासगी व्यापाऱ्याला दूर सारून कास्तकाराला हमी देणे हा तिचा हेतू. काही वर्षे तिने बाजाराहून अधिक भाव दिला, हे मान्य केले पाहिजे. पण फेडरेशनचा चुकारा महिनोन् महिने रखडू लागला आणि बाहेर भाव चढला की जिल्ह्याच्या सीमेवरून कापूस आदिलाबादच्या बाजूला जाऊ लागला. २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली व एकाधिकार नावापुरता उरला.

जोशींच्या विचारातील अंतर्विरोध त्यांच्या चळवळीतच दिसतो. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला सवलती दिल्या, तेव्हा संघटनेने त्या कापडाला 'राजीवस्त्र' म्हणून हिणविले व त्याच्या त्यागाची हाक दिली. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीला ग्राहकाने कोणता धागा निवडावा हे सांगावे लागले. बाबू गेनूच्या बलिदानाची आठवण सांगणारी ही कृती स्वदेशीच्या परंपरेतील होती, आर्थिक स्वातंत्र्याच्या नव्हे. दुसरा अंतर्विरोध अधिक गंभीर आहे. जगाचा बाजार खुला झाला की भारतीय कापसाला न्याय्य भाव मिळेल, हे गृहीत धरताना त्या बाजारातील भावच अमेरिकन अनुदानांनी पाडलेला असतो, याचा पुरेसा विचार झाला नाही. ब्राझीलने २००२ मध्ये याच अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, २००५ मध्ये अपिलातही ती जिंकली, आणि २०१४ मध्ये प्रकरण मिटले ते अमेरिकेने ब्राझीलला भरपाई देऊन. अनुदानाची पद्धती तेवढी बदलली. डंकेल प्रस्तावाच्या वेळी वर्ध्याचे विजय जावंधिया यांनी जोशींहून वेगळी भूमिका घेतली. त्या मतभेदाचे मूळ याच प्रश्नात होते.

दोन दारे

तरीही जोशींच्या निदानाचा गाभा नंतरच्या घटनांनी खोटा ठरविला नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये जागतिक भाव चढू लागताच केंद्र सरकारने कापूस निर्यातीला बंदी केली. २०१०-११ च्या हंगामात निर्यातीची मर्यादा ५५ लाख गाठींवर बांधली गेली, आणि त्याच हंगामात जगाच्या बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली व काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. भाव उतरले की याच्या उलट क्रिया घडते. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क लावले. २०२२ मध्ये भाव चढल्यावर ते काही महिने माफ झाले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा माफ झाले, तेव्हा भाव चढलेले नव्हते. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या ५० टक्के शुल्कामुळे वस्त्रोद्योग अडचणीत आला होता. माफीची मुदत आरंभी ३० सप्टेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली.

या माफीचा राळेगावच्या यार्डात काय अर्थ होतो, हे साध्या गणिताने पाहता येते. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी निघते. रुईचा सौदा ३५६ किलोच्या खंडीवर होतो. शुल्कासह आयात रुईची खंडी ५५,००० रुपयांना पडते असे धरले, तर शुल्क निघताच ती सुमारे ४९,५५० रुपयांना पडेल. खंडीमागील हा ५,४५० रुपयांचा फरक जिनवाल्याने पूर्णपणे मागे ढकलला, तर कापसाच्या क्विंटलमागे सुमारे ५२० रुपये होतात. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच क्विंटल उत्पन्न धरले, तर एकरी २,६०० रुपये. व्यवहारात सारी घट मागे सरकत नाही. वाहतूक, धाग्याची प्रत व हमीभावाची खरेदी यांमुळे ती थोपविली जाते. पण दिशा कोणती, याविषयी संदेह राहत नाही.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता, म्हणून शुल्कमाफीने कास्तकाराचे काही बिघडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. भारतीय कापूस महामंडळाची (सी.सी.आय.) खरेदी ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यापुढे कापूस नाकारते. पहिल्या वेच्याचा ओला कापूस ज्याला लगेच विकणे भाग आहे, तो खेडा खरेदी करणाऱ्याकडे जातो. हमीभावाचा आधार ज्याच्याकडे कापूस साठवायला घर व थांबायला पैसा आहे, त्याच्यापर्यंत आधी पोहोचतो.

दुसरा युक्तिवाद अधिक तोलामोलाचा आहे. वस्त्रोद्योगावर कोट्यवधींचा रोजगार अवलंबून आहे. गिरण्या बंद पडल्या तर कापूस घेणार कोण? हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. परंतु निर्यातीसाठी माल बनविणाऱ्याला लागणारा कच्चा माल शुल्काविना आणण्याची सोय अग्रिम परवाना योजनेत आधीपासूनच होती. सरसकट माफीचा अधिकचा लाभ मिळाला तो देशातच सूत व कापड विकणाऱ्यांना. अमेरिकन शुल्काचा तडाखा ज्याला बसला त्यालाच मदत पोहोचावी, असा उद्देश असता तर ती तिजोरीतून देता आली असती आणि तिचा भार सर्व करदात्यांवर पडला असता. सरसकट माफीने तो भार कापूस विकणाऱ्यावर आला. देशी उत्पादनाच्या रक्षणाची ही तऱ्हा रानड्यांच्या स्वदेशीपासून फार दूर गेलेली आहे. कापड देशी राहावे म्हणून कापूस परदेशी झाला तरी चालेल, असा तिचा अर्थ होतो.

सरकीच्या बाबतीतही हेच घडते, फक्त त्याची चर्चा कमी होते. क्विंटलच्या किमतीत सरकीचा वाटा पाव हिश्श्याहून अधिक असतो. किलोला तीन रुपये उतरले की क्विंटलमागे १९२ रुपये जातात. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. १९८६ च्या तेलबिया अभियानाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही आयात अगदी अल्प केली होती. १९९४ नंतर पामोलीन खुले झाले व शुल्क ६५ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले. कच्च्या तेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि मे २०२५ अखेर १० टक्क्यांवर उतरले. सोयाबीन पेरणाऱ्यालाही ही चढउतार तितकीच भोवते.

यंत्र आणि बीज

देशी कारखानदारी वाढली की कास्तकाराचे नुकसानच होते, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. जिनाचेच उदाहरण घ्यावे. एकेकाळी इंग्लंडहून आलेल्या रोलर जिनांवर चालणाऱ्या या पट्ट्यात आज नागपुरात बनलेली दुहेरी रोलरची यंत्रे फिरतात, आणि नागपूरच्या बजाज स्टील इंडस्ट्रीजची ही यंत्रे आफ्रिकेतही जातात. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मशीन वर्क्सने १९६२ पासून स्विस सहकार्याने सूतकताईची यंत्रे बनविली व पुढे ती स्वबळावर बनविली. या दोन्ही उदाहरणांत आयात घटली, तशीच कापूस घेणाऱ्याची प्रक्रिया-क्षमताही वाढली. कास्तकाराकडून काही काढून घेऊन ही वाढ झाली नाही.

बियाण्याचा अनुभव वेगळा आहे. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली. वाण देशी कंपनीचे, जनुक मोन्सॅन्टोचे. बंदरावरच्या नोंदीत ही आयात दिसत नव्हती, पण प्रत्येक पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचे मूल्य होते. सरकारने २०१६ मध्ये ते बोलगार्ड-२ साठी ४९ रुपयांवर आणले व २०२० पर्यंत शून्य केले. ग्राहकहिताचा हा निर्णय लोकप्रिय झाला. मात्र २००६ मधील बोलगार्ड-२ नंतर कापसात एकही नवे जनुक अधिकृतपणे शेतात आले नाही, गुलाबी बोंडअळीने जुन्या जनुकाला दाद देणे सोडले, आणि तणनाशक-सहनशील बियाणे बेकायदा मार्गाने पसरत राहिले. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. परदेशी तंत्रज्ञानाचे मूल्य शून्य करणे आणि त्याची जागा घेणारे देशी तंत्रज्ञान उभे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आदेशाने होते. दुसरीला संशोधनावर वर्षानुवर्षे पैसा लावावा लागतो. या दिरंगाईची किंमत उत्पादनाच्या आकड्यांत दिसते. २०१३-१४ मध्ये देशात जवळपास ४०० लाख गाठी पिकल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३०० लाखांच्या आसपास उतरला. हेक्टरी उत्पादकता साडेचारशे किलो रुईच्या घरात घुटमळते. ब्राझीलमध्ये ती चौपटीच्या जवळ आहे. आयात घटवावयाची तर खरे काम येथे आहे.

पंचसूत्री आणि तिचे पहिले पद

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली. शेत, धागा, कारखाना, फॅशन आणि परदेश अशी पाच पदांची साखळी हे या योजनेचे सूत्र आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणानेही कापसावरील प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. विदर्भात कापूस आणि माग मात्र भिवंडी, इचलकरंजी, मालेगावला, ही जुनी विषमता त्याने कमी झाली तर स्वागतार्हच आहे. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना उभा राहिला, म्हणजे हे अशक्य कोटीतील नाही. उलट १८७७ पासून चाललेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, हेही विसरता येत नाही.

साखळीच्या पाच पदांपैकी शेवटच्या चारांना जमीन, वीज, व्याज व भांडवल यांवरील सवलती नेमून दिलेल्या आहेत. पहिल्या पदाला, म्हणजे शेताला, या साखळीतून नेमके काय मिळते याचे उत्तर गुंतवणुकीच्या आकड्यांत सापडत नाही. सूतगिरणी भांडवलप्रधान असते आणि थोड्या हातांना काम देते. शिवणकाम व तयार कपड्यांत रोजगार अधिक आहे, पण तेथे कापसाची जागा कृत्रिम धागा सहज घेतो. नांदगाव पेठेतील गिरणी राळेगावची गाठ घेईल की बंदरावर उतरलेली ब्राझीलची, हे भूगोल ठरविणार नाही. ते त्या वर्षीचे आयात शुल्क ठरवील. शुल्काचे वेळापत्रक पेरणीपूर्वी जाहीर करून हंगाम संपेपर्यंत न बदलण्याचे बंधन कोणत्याही वस्त्रधोरणात नाही. वस्त्रोद्यानातील उद्योजकाला सवलतींची हमी काही वर्षांसाठी मिळते.

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरची. या दोन तारखांच्या दरम्यानच तालुक्यातील लहान कास्तकाराचा पहिला व दुसरा वेचा बाजारात येतो आणि कृषी केंद्राची उधारी फिटते. जानेवारीनंतर त्याच्या शेतात उरते ती फरदड.